लाल जिलेटीन

अप्पा बळवंत चौकात घाटपांडे बाईंनी
लाल जिलेटीन कागद मागितला, दोन ताव.
दुकानदार म्हणाला, नातवाचा प्रोजेक्ट का?
"नाही, कासवाचा,"
आणि बाईंनी सुट्टे पैसे दोनदा मोजून घेतले.

ठरलं होतं ते एका ३१ मार्चच्या रात्री.
हिशेब सतरा रुपयांनी चुकत होता,
शाखेत आम्ही दोघी आणि एक पंखा.
मी म्हटलं, सुटले की अशा बेटावर जाईन
जिथे रेंज नाही.
बाई म्हणाल्या, मीपण.
सतरा रुपये पहाटे सापडले.
बेटाला सहा वर्षं लागली.

आता बाणेरला माझ्या डायनिंग टेबलावर नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या, एकीत शेंगदाणे.
कढीपत्त्याची डहाळी पाण्यात पडावी
तशी उपसागरात ती बेटं,
आपलं अगदी टोकाचं पान, सुटून गेलेलं.
चेन्नईपर्यंत विमान, पुढे विमान, मग रात्रभर जहाज,
मग होडी, पण वारा असेल तसं.
बाईंच्या कोष्टकात "वारा" या रकान्यात
पेन्सिलीने लिहिलंय: अंदाजे.

रविवारी संध्याकाळी फिलोमिना तिर्कीचा फोन येतो,
ती धक्क्यावर येते तेव्हाच लागतो.
दीदी, आंघोळीला किती बादल्या?
एक, मी सांगते. आमच्याकडे जूनपर्यंत टँकर असतो.
ती हसते. मग जमेल तुम्हाला.
बाई फोन हिसकावून घेतात:
पण कासव नक्की दिसेल ना?

गेल्या वर्षी बारा रात्रींत तीनदा आली, फिलोमिना म्हणते.
चौथ्यांदाही आली होती.
कुणीतरी मोबाइल उघडला. फोटोला नाही हो,
किती वाजले बघायला.
अर्ध्या वाळूतून वळली ती,
पोटातली अंडी पोटात घेऊन.

मग लाइन गेली की तीच थांबली, कळलं नाही.

बाईंनी यादीतला फ्लॅश खोडला.
मग ट्रायपॉड.
मग बराच वेळ शेंगदाण्याची सालं काढत बसल्या
आणि खोडरबर घेऊन
"किमान अपेक्षित दर्शनं" हा अख्खा रकाना
पुसून, फुंकर मारून टाकला.

तेव्हापासून रोज रात्री दहाला गच्चीवर सराव.
टॉर्चला लाल जिलेटीन, वर दुधाच्या पिशवीचं रबर.
अर्धा तास बसायचं. बोलायचं नाही.
पहिल्या दिवशी चार मिनिटं झाली.
दुसऱ्या दिवशी बाईंना आठवलं
बी विंगमध्ये मेंटेनन्स कुणाकुणाचा थकलाय.
मला खोकला.
खाली हायवे. तो समुद्रासारखा वाजतो
असं मी म्हणणार नाही,
हायवेसारखाच वाजतो.
आणि काळोख म्हणाल तर मिळत नाही.
समोरच्या टॉवरच्या डोक्यावर
"निसर्गाच्या कुशीत" ही निळी अक्षरं
रात्रभर जळत असतात.
त्यांच्याकडे पाठ करून बसतो.

नवव्या रात्री जिन्यातून उजेड चढत आला,
पांढरा, हलता, थेट डोळ्यांत.
वॉचमन सोनकांबळे.
मॅडम, टाकी भरली का बघायला आलो...
बंद करा तो, आम्ही दोघी एकदम म्हणालो,
कुजबुजत, की आम्हालाच नवल वाटलं.
त्यांनी बंद केला.
उभे राहिले.
मग अगदी हळू: कशाची वाट बघताय?

चौतीस वर्षं काउंटरवरून एकही प्रश्न
उत्तराशिवाय परत न पाठवणाऱ्या घाटपांडे बाई
काही बोलल्या नाहीत.
टाकीत पाणी पडत होतं.
सोनकांबळेंनी टोपी काढून मांडीवर ठेवली
आणि आमच्या शेजारी, जरा अंतर सोडून,
बसले.